नव्व्याण्णव

आमच्या आजीकडे एका पाणक्याची गोष्ट होती. राजवाड्यावर पाणी भरायचा. खांद्यावर पखाल, तोंडात गाणं. मजुरी म्हणून पदरात पडतील त्या जोंधळ्यांत घर चालायचं आणि रात्री पाठ टेकली की घोरायला लागायचा. राजाला मात्र झोप नव्हती. तो प्रधानाला म्हणाला, माझ्याकडे सगळं असून मी तळमळतो आणि हा फाटका माणूस गातो, हे काय आहे? प्रधान म्हणाला, महाराज, त्याला अजून नव्व्याण्णवचा फेरा लागलेला नाही. त्या रात्री पाणक्याच्या दारात कुणीतरी मोहरांची थैली ठेवून गेलं. पाणक्याने दिव्याशी बसून मोहरा मोजल्या. नव्व्याण्णव. पुन्हा मोजल्या. उंबऱ्याखाली चाचपून पाहिलं, बायकोवर संशय घेतला, शेजाऱ्याशी भांडला. दुसऱ्या दिवसापासून तो दुप्पट खेपा घालू लागला, एक वेळचं जेवण सोडलं, कारण शंभरावी मोहोर मिळवायची होती. गाणं कधी थांबलं हे त्यालाही कळलं नाही.

आजी इथे थांबायची आणि अडकित्त्यात सुपारी धरायची. मी एकदा विचारलं होतं, ‘पण त्याने मोजल्याच नसत्या तर?’

आजी म्हणाली, ‘मोजल्यावाचून राहिलाय का कुणी, बाळा?’

राहिलाय. निदान त्याच्या जवळपास पोचलेला एक माणूस मला माहीत आहे. आजीच्या कानावर त्याचं नाव पडायचं काही कारण नव्हतं. तो १६ जुलै १९६८ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, विचिटा नावाच्या शहरात जन्मला. अकरा भावंडांतला एक. बाप छपरं घालायचा, सुतारकामही करायचा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं बापाबरोबर तापलेल्या छपरांवर चढायची. पोराचं नाव बॅरी सँडर्स. पुढे तो डेट्रॉइट लायन्स या संघाकडून दहा हंगाम अमेरिकन फुटबॉल खेळला, आणि चेंडू घेऊन धावत त्याने किती टचडाऊन केले हे मोजायला गेलात तर आकडा येतो ९९. गोष्ट जुळावी म्हणून मी तो घडवलेला नाही. पास झेलून केलेले दहा धरले तर १०९ होतात, पण धावून केलेले नव्व्याण्णवच.

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. नावात फूट असला तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांकडे. यार्ड म्हणजे तीन फूट. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू पोचला की टचडाऊन, सहा गुण. रनिंग बॅक म्हणजे तो गडी ज्याच्या पोटाशी चेंडू कोंबून त्याला समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत सोडून देतात. भिंतीतले काही जण दीडशे किलोच्या घरातले. कबड्डीतली चढाई डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की इथे मध्यरेषेला हात लावून परत यायची सोय नाही, पुढेच जायचं असतं. आणि या कामाचं मोजमाप यार्डांत होतं. धावणाऱ्याच्या नावावर पै पै करून यार्ड साठत जातात, आणि त्यांची बेरीज म्हणजे त्याची कमाई, त्याची पत, त्याचं इतिहासातलं स्थान.

सँडर्स पाच फूट आठ इंच. या धंद्यात ही उंची म्हणजे जवळपास नापासच. शाळेत शेवटच्या वर्षीसुद्धा पहिले काही सामने होऊन गेल्यावर त्याला त्या जागेवर उभं केलं. महाविद्यालयांची बोलावणी मोजकीच आली. ओक्लाहोमा स्टेटमध्ये गेला, तर तिथे थर्मन थॉमस नावाचा दिग्गज आधीच जागा अडवून बसलेला, म्हणून दोन वर्षं त्याच्या पाठीमागे काढली. थॉमस गेल्यावर, १९८८ च्या एका हंगामात, या पोराने ११ सामन्यांत २,६२८ यार्ड धावून काढले आणि धावूनच ३७ टचडाऊन केले. महाविद्यालयीन खेळातली सर्वांत मानाची हाइजमन ट्रॉफी त्याला जाहीर झाली तेव्हा तो संघाबरोबर सामन्यासाठी टोकियोत होता.

त्याचं धावणं शब्दांत पकडायचं तर मला आपला ‘हूल’ हाच शब्द सापडतो. भरधाव वेगात असताना तो जागच्या जागी थांबायचा. म्हणजे पूर्ण थांबायचा. अंगावर येणाऱ्याचा तोल पुढे जायचा, आणि हा तोवर भलत्याच दिशेला निघालेला असायचा. १९९४ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धच्या सामन्यात शेवटच्या बचावपटूला त्याने अशी हूल दिली की तो बिचारा स्वतःभोवती गिरकी घेऊन मोकळा झाला आणि सँडर्स पलीकडे. ती चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल, सांगत नाही. दर वेळी मला त्या बचावपटूचीच दया येते. त्याचं काहीच चुकलेलं नसतं. माणूस जिथे होता तिथे तो बरोबर पोचतो, फक्त माणूस तिथे नसतो.

या शैलीला एक किंमत होती. वाट सापडेपर्यंत मागे-पुढे नाचणारा माणूस कधीकधी मागेच धरला जातो आणि यार्ड जमा होण्याऐवजी वजा होतात. ३१ डिसेंबर १९९४ रोजी ग्रीन बेमध्ये, बाद फेरीच्या सामन्यात, त्याने १३ वेळा चेंडू घेतला आणि एकूण कमाई झाली उणे एक यार्ड. इतक्या मोठ्या धावपटूच्या खात्यावर असा आकडा. पुढच्या हंगामात तो पंधराशे यार्ड धावला.

मैदानावरचा त्याचा एक शिरस्ता होता. टचडाऊन झाला की बाकीचे खेळाडू चेंडू जमिनीवर आपटतात, नाचतात, प्रेक्षकांकडे छाती काढून उभे राहतात. त्यात वावगं काही नाही, रक्त तापलेलं असतं. सँडर्स रेषेपलीकडे पोचला की शोधायचा जवळचा पंच. चालत जाऊन त्याच्या हातात चेंडू द्यायचा आणि बाकाकडे वळायचा. उसनं आणलेलं मापटं शेजारणीला परत करावं, तसा.

आता १९९९ च्या जुलैत येऊ, कारण गोष्टीची खरी गाठ तिथे आहे.

दहा हंगामांत सँडर्सच्या नावावर १५,२६९ यार्ड जमा झाले होते. दहाही हंगामांत हजाराच्या वर, दहाही वेळा ऑल-स्टार सामन्यासाठी निवड. त्याच्या पुढे जगात एकच माणूस होता, शिकागो बेअर्सचा वॉल्टर पेटन. १३ हंगाम, १६,७२६ यार्ड. म्हणजे उरले १,४५७. सँडर्सची वर्षाची सरासरीच पंधराशेच्या वर. नेहमीसारखं एक वर्ष खेळला असता तरी सगळ्यांत जास्त यार्ड धावलेला माणूस म्हणून त्याचं नाव कोरलं गेलं असतं. वय फक्त ३१. गुडघे शाबूत. डेट्रॉइटमध्ये लोक त्या दिवसाची वाट बघत होते.

सराव शिबिर सुरू व्हायच्या तोंडावर विचिटातल्या ‘विचिटा ईगल’ या वृत्तपत्राला एक फॅक्स आला. बॅरी सँडर्स निवृत्त होत आहे. बातमी फुटली तेव्हा तो लंडनच्या वाटेवर होता.

शंभरावी मोहोर समोर ठेवलेली, हात लांब केला की मिळणार, आणि हा उठून निघून गेला. अमेरिकेला ते झेपेना. आकडेवारीवर तर त्यांचा आपल्या क्रिकेटवाल्यांइतकाच जीव. नव्व्याण्णववर बाद झालेल्या फलंदाजाबद्दल आपण पिढ्यान्‌पिढ्या हळहळतो, आणि हा तर आपण होऊन बाद झालेला. कारणं शोधण्यात लोकांनी महिने घालवले. पेटनला यकृताचा दुर्धर आजार असल्याचं त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जाहीर झालं होतं आणि १ नोव्हेंबरला तो वारला. तेव्हा मरणाऱ्या माणसाचा विक्रम मोडायला नको म्हणून सँडर्सने पाऊल मागे घेतलं, असं काही भाविकांनी ठरवून टाकलं. सुरेख कल्पना आहे. पण सँडर्सने स्वतः सांगितलेलं कारण इतकं सुरेख नाही. २००३ च्या आत्मचरित्रात त्याने जे मांडलं त्याचा गाभा असा की, लायन्सचे धनी आणि व्यवस्थापन जिंकण्याबद्दल गंभीर आहेत हा त्याचा विश्वास उडाला होता. दहा वर्षांत बाद फेरीचा एकच सामना संघ जिंकला होता, जानेवारी १९९२ मध्ये. १९९८ मध्ये १६ पैकी ११ हरले. ज्याच्या पाठीमागून तो वर्षानुवर्षं धावला तो सेंटर केव्हिन ग्लोव्हरही त्याआधी दुसऱ्या संघात गेला होता. खेळातला रसच संपला होता.

आता गोष्ट सांगणाऱ्याची पंचाईत अशी की, या प्रसंगात आपला नायक काही फार चांगला वागलेला नाही. शिबिराच्या तोंडावर, प्रशिक्षक बॉबी रॉस यांना नवी घडी बसवायला वेळही न ठेवता, फॅक्स करून समुद्रापार जाणं मला पटत नाही. वसंतात सांगितलं असतं तर संघाला दुसरा धावपटू शोधता आला असता. लोकांनी हंगामाची तिकिटं काढली होती. सोबत घाम गाळलेल्या गड्यांना बातमी इतरांसारखीच ऐकायला मिळाली. हक्क त्याचा होता, वेळ मात्र वाईट साधली. १९९७ च्या करारातल्या १ कोटी १० लाख डॉलरच्या बोनसवरून संघाने त्याला लवादासमोर उभं केलं आणि त्यातले ५५ लाख परत करण्याचा निकाल लागला. मला दुसऱ्या संघात जाऊ द्या, असं त्याच्याकडून सुचवून झालं होतं, ते संघाने मानलं नाही. त्याने पैसे मोजले. पुन्हा मैदानात उतरला नाही.

तो साधू वगैरेही नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. बोधकथेतल्या माणसांना आपण फार लवकर भगवी वस्त्रं नेसवतो. १९८९ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत लायन्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं तेव्हा पैशांची बोलणी अडली म्हणून त्याचा पूर्वतयारीचा सगळा काळ बाहेरच गेला. हंगामाच्या तोंडावर सही केली, आणि मिळालेल्या बोनसचा दहावा हिस्सा विचिटातल्या आपल्या चर्चला दिला. म्हणजे मोजता येत होतं त्याला, चोख. १९९६ च्या शेवटच्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १७५ यार्ड धावून त्याने त्या वर्षीचं सर्वाधिक यार्डांचं विजेतेपद टेरेल डेव्हिसच्या हातून १५ यार्डांनी काढून घेतलं. मिळालं, तेव्हा ठेवून घेतलं. असं विजेतेपद त्याने एकूण चार वेळा मिळवलं.

पण आकड्याकडे बघण्याची त्याची नजर वेगळी होती, आणि एका दुपारी तर ती वेगळी असण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. २१ डिसेंबर १९९७, पाँटियाकचं सिल्व्हरडोम, न्यूयॉर्क जेट्सविरुद्धचा सामना. त्या हंगामाची सुरुवात त्याने इतकी वाईट केली होती की पहिल्या दोन सामन्यांत मिळून ५३ यार्ड. मग सलग १४ सामन्यांत शंभराच्या वर. त्या दुपारी त्याला एका हंगामात दोन हजार यार्डांचा टप्पा ओलांडायचा होता. तोवर दोनच माणसांना ते जमलं होतं. त्याने ओलांडला, २,०५३ वर हंगाम संपवला. त्याच सामन्यात त्याचा सहकारी रेजी ब्राउन एका धडकेनंतर मैदानात निपचित पडला. मानेच्या मणक्याला मार बसला होता. श्वास थांबलेला. तिथेच गवतासारख्या त्या प्लास्टिकच्या गालिच्यावर त्याला कृत्रिम श्वास देऊन परत आणलं आणि रुग्णवाहिकेतून नेलं. ब्राउन पुढे चालू लागला, पण खेळला नाही. एका हंगामाचा विक्रम २,१०५ यार्डांचा होता, म्हणजे सँडर्स ५२ यार्डांनी कमी पडला, असं मी कुठेतरी वाचलं तेव्हा मला ते वाक्य लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून त्याला ती दुपार पुन्हा दाखवावीशी वाटली.

पुढच्या हंगामात तो १,४९१ वर थांबला. सलग चार वर्षं पंधराशे यार्ड केले होते, पाचव्यांदा नऊ कमी. शेवटच्या सामन्यात १९ वेळा चेंडू घेऊन ४१ यार्ड. मग फॅक्स.

पेटनचा विक्रम मोडायचा तो मोडलाच. २००२ मध्ये डॅलसच्या एमिट स्मिथने मोडला आणि नंतर १८,३५५ पर्यंत नेऊन ठेवला. हॉल ऑफ फेममध्ये सँडर्स २००४ मध्ये गेला आणि तिथे त्याची ओळख करून द्यायला उभे राहिले ते वडील, विल्यम सँडर्स. या गृहस्थांचा हिशोब न्यारा होता. जगातला सगळ्यांत थोर धावपटू जिम ब्राउन, दुसरा नंबर आपला स्वतःचा, आणि मग बॅरी, असं ते सांगत. आयुष्यभर छपरं घातलेला माणूस. छपराचं काम नव्व्याण्णव टक्के झालं असं कुणी म्हणत नाही. ते गळतं तरी किंवा गळत नाही. अशा घरात वाढलेल्या पोराला बेरजेचं कौतुक कमी असेल तर त्यात आश्चर्य वाटायला नको, असं मला आपलं वाटतं. डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड मैदानाबाहेर २०२३ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. फॅक्सचा राग तोवर निवला होता, किंवा रागावणारे म्हातारे झाले होते.

एक प्रसंग मी मागे ठेवला होता. क्रमाने तो खूप आधी यायला हवा, कारण तो त्याच्या पहिल्याच हंगामातला आहे. पण फॅक्सचा उलगडा करायला लोक १९९९ मध्ये खणत बसतात तेव्हा मला नेहमी वाटतं, अहो, दहा वर्षं मागे जा.

त्याच्याही आधी, शाळेत एकदा तसंच काहीसं झालं होतं, हे विचिटाच्या लोकांना ठाऊक होतं. शेवटच्या सामन्यात शहरातल्या सर्वाधिक यार्डांच्या मानाला थोडेच कमी पडत होते, संघ बराच पुढे होता, आणि याने धाकट्या पोरांना खेळू दे म्हणून बाक धरला. शाळेतली गोष्ट, सोडून देता येते. पुढची तशी नाही.

१९८९. अटलांटा. हंगामाचा शेवटचा सामना, समोर अटलांटा फाल्कन्स. नवखा सँडर्स त्या दिवशी १५८ यार्ड धावला होता, तीन टचडाऊन केले होते. लायन्स पुढे होते, घड्याळात थोडीच मिनिटं उरलेली, आणि तो बाकावर येऊन बसला होता. तेवढ्यात आकडा येऊन पोचला. सबंध लीगमध्ये सर्वाधिक यार्ड आहेत कॅन्सस सिटी चीफ्सच्या क्रिश्चन ओकोयेचे, १,४८०. सँडर्सचे १,४७०. दहा यार्ड. त्याच्यासारख्याला एक धाव, फार तर दोन. नवखेपणीच असं विजेतेपद मिळवणं म्हणजे काय, हे त्या बाकावरच्या प्रत्येकाला कळत होतं. प्रशिक्षक वेन फाँटिस त्याच्याजवळ आले. आकडा सांगितला. जाणार का आत, विचारलं.

ओकोये नायजेरियातल्या एनुगूचा. अमेरिकेत आला तो थाळीफेक करायला, फुटबॉल खेळायला लागला तेव्हा विशी उलटून गेली होती. पुढे दुखापतींनी सहा हंगामांतच त्याची कारकीर्द संपली. त्यातलं त्याचं हे एकमेव विजेतेपद.

सँडर्स म्हणाला, हा सामना जिंकू या आणि घरी जाऊ या.

तो उठला नाही. उरलेला वेळ बाकीच्यांनी संपवला. लायन्स ३१–२४ असे जिंकले. तारीख २४ डिसेंबर होती. सगळे घरी गेले.